पाऊस, चिखल आणि वाकेन: शेतात भरणाऱ्या रॉक महोत्सवाची पूर्ण तयारी

२०२३ च्या जुलैअखेरीस उत्तर जर्मनीत पाऊस थांबेचना. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातल्या वाकेन गावाभोवतीच्या शेतांत ८५,००० रसिकांच्या तंबूंसाठी जागा आखून ठेवली होती. गाड्यांची चाकं मातीत रुतायला लागली तशी आधी वाहनं थांबवली गेली. मग २ ऑगस्टला, महोत्सव सुरू व्हायच्याच दिवशी, आयोजकांनी प्रवेशच बंद केला. तोवर साधारण ५०,००० लोक आत पोचले होते. बाकीचे तिकीट खिशात घेऊन वाटेतून परतले. त्यांना पैसे परत मिळाले, पण वर्षभर ज्याची वाट पाहिली तो आयर्न मेडन हा बँड डोळ्यांसमोर काही आला नाही.

वाकेन ओपन एअर सुरू झाला १९९० मध्ये. टॉमस येन्सन आणि होल्गर ह्यूबनर या स्थानिक तरुणांनी गावाजवळच्या खडीच्या खाणीत तो भरवला, तेव्हा जेमतेम ८०० श्रोते होते. आज दोनेक हजार वस्तीच्या या गावात जगभरातले हेवी मेटलवेडे येतात. दिल्लीच्या ब्लडीवुड बँडने २०१९ मध्ये इथे वाजवलं, तेव्हापासून भारतातूनही बरेच जण वाकेनला जायचं स्वप्न बघतात. जर्मनीत नोकरी-शिक्षणासाठी आलेली आपली पुण्या-मुंबईची मुलं तर दर वर्षी चौकशी करतात. पाऊस आला तर काय, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. हा लेख त्याच प्रश्नासाठी.

उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, कोरडं राहायचा हट्ट सोडा. चार दिवस उघड्या माळावर कोणीच कोरडं राहत नाही. पण झोपायची जागा, रात्री पायांत घालायचे मोजे आणि कागदपत्रं-फोन, एवढं मात्र कोणत्याही परिस्थितीत भिजू द्यायचं नाही. खालची सगळी तयारी या तीन गोष्टींसाठी आहे.

आपला पावसाळा इथे उपयोगी पडत नाही

सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये ट्रेक केलेल्यांना वाटतं, पावसाचं आम्हाला काय सांगता? मुंबईच्या रंगभवनात पूर्वी ऐन ऑगस्टमध्ये भरणाऱ्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाला भिजलेली जुनी मंडळीही असंच म्हणतात. आपला पाऊस कोमट असतो. चिंब भिजलं तरी गडाच्या पायथ्याशी चहा-भजी खाऊन संध्याकाळी घरी पोचता येतं. वाकेनला जुलैच्या शेवटी दिवसाचं तापमान विशीच्या आसपास असतं, रात्री ते १०-१२ अंशांपर्यंत उतरतं, वर समुद्राकडून येणारा वारा. ओल्या सुती टी-शर्टात रात्री अकराला मंचापुढे उभं राहिलं की अंगातली ऊब भराभर जाते. थरथर कापणं, बोलताना जीभ अडखळणं, बोटांनी जॅकेटची चेन न लागणं ही हायपोथर्मियाची, म्हणजे अंग धोकादायक थंड पडण्याची, सुरुवात आहे. दारू प्यायल्यावर अंग गरम झाल्यासारखं वाटतं, पण त्वचेकडचं रक्त वाढून शरीर उलट लवकर थंड होतं. सोबतचा मित्र असा दिसला तर गाणं सोडा. त्याला आडोशाला नेऊन ओले कपडे काढा, कोरडं काहीतरी गुंडाळा, गोड गरम पेय द्या आणि प्रथमोपचार केंद्र गाठा.

पायरी १: तिकीट, व्हिसा आणि परतीची वाट

पुढच्या वर्षीची तिकिटं आदल्या महोत्सवाच्या लगेच नंतर विक्रीला येतात आणि फार झपाट्याने संपतात. तंबूची जागा तिकिटातच धरलेली असते. भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. त्यासोबतचा प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. महोत्सव ऐन उन्हाळी सुट्टीत असतो आणि तेव्हा व्हिसाच्या भेटीच्या तारखा मिळत नाहीत, म्हणून वसंत ऋतूतच अर्ज करा.

विमान आणि हॉटेलच्या बाबतीत २०२३ ने एक धडा दिला आहे. तिकिटाचे पैसे आयोजक देतील, विमानाचे देणार नाहीत. हॅम्बुर्गमध्ये निदान एका रात्रीचं, रद्द करता येणारं आरक्षण ठेवा. प्रवेश थांबला तर डोक्यावर छप्पर राहील आणि महोत्सव नीट पार पडला तर शेवटी गरम पाण्याने अंघोळ होईल.

पायरी २: आगगाडीनेच जा

वाकेनची एरवीची गंमत अशी की गाडी तंबूशेजारी उभी करता येते. सामान, थंडगार पेयं, झोपायला मागची सीट, सगळं हाताशी. पण पावसात सर्वात आधी अडकते ती गाडीच. हजारो गाड्यांच्या वजनाने माती दाबली जाते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बंद होतात, पाणी खाली झिरपायची वाट उरत नाही. वरून चाकांनी गवताची मुळं फाटली की काही तासांत शेताचा राडा होतो. २०२३ मध्ये बंदी आधी वाहनांवर आली ती यामुळेच.

हॅम्बुर्गहून वाकेनजवळच्या इट्झेहोला प्रादेशिक गाडीने सुमारे तासभर लागतो. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांत चालणारा मासिक पास, असेल तर वेगळं भाडं नाही. इट्झेहो स्थानकावरून महोत्सवाच्या बसेस सुटतात. निघायच्या आदल्या दिवशी आणि निघण्यापूर्वी पुन्हा एकदा आयोजकांची सूचना वाचा. थांबा म्हटलं तर थांबा. तुम्ही रस्त्यात अडकलात तर गावातल्या रुग्णवाहिकेचीही वाट अडते.

गाडीच न्यायची असेल तर घरीच एक काम करा: ओढण्यासाठीचा हूक डिकीत कुठे आहे ते शोधा आणि पुढच्या बंपरमधल्या झाकणाआड तो कसा फिरवून बसवायचा ते करून बघा. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर समोर उभा राहिल्यावर हूक शोधत बसलात तर मागची सगळी रांग खोळंबते. चिखलात दुसऱ्या गिअरवर, हलक्या पायाने, न थांबता चालवा. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, नाहीतर तुम्हीच खड्डा खणाल. तोंड बाहेरच्या वाटेकडे करूनच गाडी लावा.

पायरी ३: सामान

चाकांची बॅग आणू नका. चिखलात तिची चाकं चार पावलांत बंद पडतात आणि मग ती डोक्यावर घ्यावी लागते. पाठीवर घेऊन दोनेक किलोमीटर चालता येईल एवढंच सामान असावं. पाठपिशवीच्या आत जाड कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी लावा आणि सामान तिच्यात भरा. पाठपिशवीवरचं वेष्टण पुरत नाही, पाणी पाठीकडच्या शिवणीतून शिरतं.

कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक. जीन्स एकही नको, ती ओली झाली की दोन दिवस वाळत नाही आणि मांड्या सोलून काढते. रेनकोट गुडघ्यापर्यंतचा असला तर उत्तम, सोबत पावसाची पँट. छत्री मंचापाशी मागच्यांची दृष्टी अडवते, शिवाय बहुतेक महोत्सवांत तिला बंदीच असते. मंचापुढच्या भागात पाठपिशव्याही चालत नाहीत, म्हणून कमरेचा छोटा पाऊच घ्या.

झोपायचा जोड वेगळा: एक गरम बनियन, एक पायजमा, एक जोड जाड लोकरी मोजे, कानटोपी. हे एका स्वतंत्र बंद पिशवीत राहतील आणि तंबूबाहेर कधीही घातले जाणार नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसरं सगळं ओलं झाल्यावर हात त्याच पिशवीकडे जातो. तो आवरा.

खाण्याच्या बाबतीत, भारतातून थेट येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की युरोपीय संघात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. शेंगदाण्याची चिक्की, भडंग, चिवडा, खाकरे खुशाल आणा. पावसात उभं राहून खायला चिक्कीसारखं दुसरं काही नाही. शाकाहारी पदार्थ तिथे मिळतात, पण रांगेत भिजत उभं राहायची ताकद रोज नसते.

कानाला लावायचे बोळे दोरीवाले घ्या, सुटे चिखलात पडले की गेले. घरून निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस चालू आहे ना ते बघा. ही गुरांची शेतं आहेत, आणि चिखलात दडलेल्या मेखेने पाय कापणं सर्रास घडतं.

पायरी ४: तंबू

उशीर झाला तर उरलेली जागा सखल असते, आणि सखल जागा का उरली आहे ते पहिल्या सरीत कळतं. शक्य तितक्या लवकर पोचा आणि हातभर का होईना उंचवटा धरा. मुख्य पायवाटेला लागून तंबू लावू नका, दुसऱ्या दिवशी ती वाट दुपटीने रुंद झालेली असते. इथला पाऊस बहुधा पश्चिमेकडून वाऱ्यासोबत येतो, त्यामुळे दार पूर्वेकडे ठेवा.

तंबू विकत घेताना लेबलावर मिलिमीटरमधला एक आकडा असतो. कापड पाण्याचा किती उंच स्तंभ गळू न देता पेलतं, ते तो सांगतो. वरच्या कापडाला ३,००० आणि तळाला ५,००० मिलिमीटर असावं. तळ जास्त का? कारण गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो आणि खालचं पाणी वर येतं. तळाखाली आणखी प्लास्टिक अंथरणार असाल तर ते तंबूच्या कडांच्या आत दुमडा. बाहेर राहिलेली कड पाऊस झेलून सगळं पाणी तुमच्या पाठीखाली आणते. शेजारी असं करताना दिसले तर जरूर सांगा.

तंबूसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या मेखा या मातीत धरत नाहीत. व्ही आकाराच्या लांब मेखा वेगळ्या घ्या, तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलत्या ठोका. ताणाच्या सगळ्या दोऱ्या बांधा. बाहेरचं आणि आतलं कापड एकमेकांना चिकटलं की गळती सुरू होते. भोवती चर खणायची आपली सवय मात्र इथे विसरा. जमीन शेतकऱ्याची आहे, तिच्यात पुढच्या हंगामाचं गवत उगवायचं आहे.

तंबूच्या दारातली अर्धी मोकळी जागा हा तुमचा उंबरठा. ओले बूट, रेनकोट, चिखलाची पँट तिथेच उतरायची. आत फक्त कोरडं माणूस. चौघांच्या तंबूत एकानेही हा नियम मोडला की चौघांची झोप ओली होते.

पावसाला कंटाळून कोळशाची शेगडी किंवा गॅस तंबूत ओढू नका, विझत आलेली शेगडीसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. ऊब हवी असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा.

पायरी ५: पाय

या भागाला सर्वात जास्त वेळ देतोय, कारण वाकेन अर्धवट सोडून जायची वेळ बहुतेकांवर पायांमुळेच येते.

गमबूट गुडघ्याखालपर्यंत उंच आणि मापाचे घट्टसर हवेत. जाड मोजे बसावेत म्हणून लोक दोन मापं मोठे घेतात, मग चिखल बूट धरून ठेवतो आणि पाय बाहेर येतो. घरी दोन-तीन तास घालून फिरा, पिंढरीवर कड घासते का बघा. आतला सुखतळ काढता येणारा असावा, रात्री तो बाहेर काढून वाळवायचा.

चिखलात पाऊल छोटं टाका, पूर्ण तळवा एकदम टेकवा. पाय काढताना आधी टाच किंचित वळवून उचला म्हणजे खाली हवा शिरते आणि पकड सुटते. सरळ वर ओढलात तर गुडघा दुखावतो. आयोजक भुसा, लाकडाचे तुकडे, लोखंडी पत्रे टाकतात. ओला पत्रा चिखलाहून निसरडा असतो, तिथे घाई नको. चिखलात सूर मारणारे, लोळणारे खूप दिसतील. तो आनंद घ्यायचाच असेल तर परतायच्या आदल्या दिवशी घ्या आणि तोंडात, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पाय सलग तासन्‌तास ओले आणि गार राहिले की ट्रेंच फूट होतो. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत सैनिकांना हा विकार जडला. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, १५-१६ अंशांतही तो होतो. बोटं बधिर पडतात, कातडी पांढुरकी, सुरकुतलेली, फुगलेली दिसते. पाय ऊबदार झाल्यावर लाल होऊन आग होते. असं दिसलं तर पाय चोळू नका, शेकू नका. स्वच्छ धुवा, टिपून कोरडे करा, उंच ठेवा आणि वैद्यकीय तंबूत दाखवा.

तो टाळणं सोपं आहे. दुपारी एकदा बूट काढून मोजे बदला. सकाळी बोटांच्या फटींत आणि टाचेला व्हॅसलीन लावा. रात्री पाय धुऊन, पुसून, निदान सहा-सात तास कोरड्या मोज्यांत ठेवा. ओले मोजे पिळून स्वतःच्या पोटाशी, दोन कपड्यांच्या मध्ये ठेवले तर अंगाच्या उबेने ते सकाळपर्यंत बरेच वाळतात. झोपायच्या जोडाशी मात्र त्यांचा संबंध येऊ देऊ नका.

पायरी ६: विजा

याबाबत कोणाचंही ऐकून धाडस करू नका. मेंडिगच्या जुन्या विमानतळावर भरलेल्या रॉक आम रिंग महोत्सवात २०१५ आणि २०१६, लागोपाठ दोन वर्षं विजांनी डझनावारी लोक जखमी झाले. २०१६ चा महोत्सव तर मधेच थांबवावा लागला.

जर्मन हवामान खात्याचं वॉर्नवेटर ॲप फोनमध्ये ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर आडोसा गाठायची वेळ झाली. बंद, धातूच्या छताची गाडी किंवा बस सुरक्षित. तंबू नाही. त्याच्या धातूच्या काठीजवळ तर मुळीच बसू नका. झाडाखाली, झेंड्याच्या खांबाखाली, कुंपणाच्या तारेजवळ थांबू नका. मैदान रिकामं करायची घोषणा झाली की चालत निघा, पळू नका. सोबत्यांशी भेटायची जागा पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा, कारण त्या घटकेला फोन लागत नाहीत. मदतीचा क्रमांक ११२.

पायरी ७: फोन, कागद, पैसे

खाण्यापिण्याचे पैसे मनगटाच्या पट्ट्यातल्या चिपमधून जातात. तरी थोडी रोख जवळ असू द्या, गावात लागते. पासपोर्ट किंवा वास्तव्य परवाना झिपच्या दोन पिशव्यांत, एकात एक, आणि कायम अंगावर. फोन भिजला तर लगेच चार्जिंगला लावू नका, तोंड खाली करून झटका आणि तासन्‌तास सुकू द्या. फोटो काढायचेत हे कळतं, पण शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीची वेळ बघायला बॅटरी उरली पाहिजे.

गावात जा

हे तयारीत मोडत नाही, पण पावसाने जीव विटला की खरा इलाज हाच. वाकेनच्या मुख्य रस्त्यावर गावकरी आपापल्या अंगणात न्याहारी मांडतात, कॉफी देतात. लहान मुलं हातगाड्यांवरून लोकांचं सामान वाहून चार पैसे कमावतात. गावाच्या अग्निशमन दलाचा बँड दर वर्षी महोत्सवात वाजवतो, लांब केसांची, काळ्या कपड्यांतली हजारो माणसं त्यावर नाचतात. तो कार्यक्रम चुकवू नका. गावाचा उघडा तरणतलावही आहे. पाऊस उघडल्यावर तिथे जाऊन अंग स्वच्छ करता येतं, फक्त आधी शॉवरखाली चिखल धुवा. अंगणात बसलेल्या आजीबाईंना 'मोईन' म्हणून अभिवादन करा. उत्तर जर्मनीत ते दिवसभर चालतं.

पायरी ८: निघताना

उरलेली सगळी ताकद इथे लावा. तंबूच्या मेखा मोजून घ्या. जितक्या ठोकल्या तितक्या पिशवीत आल्याच पाहिजेत. चिखलात राहिलेली मेख पुढे चाऱ्यासोबत कापली जाते आणि गाय तिचे तुकडे गिळते. असा तुकडा जाळीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या एका कप्प्यात, रुतून पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकते. आपल्याकडे गोठा असलेल्या कोणालाही विचारा, गाईच्या पोटातल्या तारा-खिळ्यांनी काय होतं ते. ज्यांच्या जमिनीवर आपण चार दिवस नाचलो, ट्रॅक्टर आणून ज्यांनी गाड्या ओढून काढल्या, त्यांची जनावरं आहेत ती.

ओला तंबू जड लागतो म्हणून तिथेच टाकून देणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. कचऱ्याच्या दोन पिशव्यांत कोंबा आणि न्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅन दुकानात परत दिले की प्रत्येकी २५ सेंट मिळतात, तेही गोळा करा. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी तंबू उघडून वाळत घाला, दोन दिवस गुंडाळलेला राहिला तर बुरशी धरते आणि कापडावरचा जलरोधक थर जातो.

भारतात परतणार असाल तर बूट, मेखा, तंबूचा तळ विमानात बसण्यापूर्वी घासून स्वच्छ करा. परदेशी माती परवानगीशिवाय देशात आणता येत नाही, आणि तिच्यासोबत येणारी बुरशी-कीड आपल्या शेतांना नको आहे. जुना दातांचा ब्रश आणि हॉटेलचा शॉवर एवढ्यावर काम होतं. बुटांच्या तळव्यांच्या खाचा विसरू नका.